वसईतून वाळवंटात कामाला जाताना

निर्मळ, गास, नंदाखाल, पापडी, सोपारा, आगाशी. वसई तालुक्यातल्या यांपैकी कुठल्याही गावात चौकशी करा, गल्फला राहून आलेलं माणूस भेटतंच. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखाती देशांत रस्ते, रिफायनऱ्या, इस्पितळं उभी राहू लागली आणि तिथून माणसांना मागणी आली. आपले फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, कुक, नर्स तेव्हापासून जात आले आहेत. आता नालासोपारा-विरारच्या चाळींतली आणि इमारतींतली नवी पोरंही निघतात. पासपोर्ट, मेडिकल, तिकीट, मसाल्याची पिशवी अशी सगळी तयारी होते. पण वाळवंटात आपलं अंग कसं वागेल, हे त्यांना कुणी सांगत नाही, आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्याची किंमत मोजावी लागते. ज्याचं काम उघड्यावर असणार आहे, त्याने आणि त्याच्या घरच्यांनीही हे वाचावं.

शर्ट कोरडा असला तरी

आपण दमट हवेत वाढलेली माणसं. मे महिन्यात वसईत तासभर मेहनत केली की बनियन पिळून काढावं इतका घाम येतो. तो दिसतो, म्हणून आपण सावलीला बसतो, पाणी मागतो. रियाधसारख्या कोरड्या शहरात तोच घाम कातडीवर आल्याआल्या उडून जातो. शर्ट कोरडाच राहतो. संध्याकाळी पाठीवर मिठाचे पांढरे डाग पडलेले दिसतात, तेवढीच काय ती खूण. भर उन्हात जड काम करणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटरभर, कधी त्याहूनही जास्त पाणी जातं. आणि त्याला मात्र वाटत असतं की आपल्याला घामच येत नाही, इथली हवा आपल्याला मानवली. घामावरून दमणूक मोजायची ही आपली सवय तिथे पहिल्या दिवसापासून सोडावी लागते.

समुद्राकाठच्या शहरांची गोष्ट वेगळी. दुबई, दोहा, दम्माम इथे ऑगस्टमध्ये पारा चाळिशीच्या आसपास असतो आणि वर समुद्राची दमट हवा. तिथे घाम भरपूर येतो, पण सुकत नाही. घाम सुकतानाच अंग थंड होतं, त्यामुळे न सुकणारा घाम म्हणजे अंगातून नुसतं पाणी जाणं. ‘दमट हवेची आपल्याला सवय आहे’ असं म्हणत वसईचा माणूस इथेच फसतो. कुवेतमध्ये मित्रिबा नावाच्या ठिकाणी २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलं आणि जागतिक हवामान संघटनेने ती नोंद पुढे मान्य केली. हा आकडा सावलीतल्या हवेचा आहे. उन्हात तापलेला पत्रा, डांबर किंवा मचाणाचा लोखंडी पाइप याहून कितीतरी जास्त तापतो.

म्हणून नोकरी पक्की करताना पगाराच्या आकड्याबरोबर तीन गोष्टी विचारून घ्या. शहर कोणतं? काम छताखाली की उघड्यावर? रुजू कोणत्या महिन्यात व्हायचंय? शक्य असेल तर ऑक्टोबर ते मार्च या काळात रुजू व्हा. एजंट म्हणतो म्हणून जूनमध्ये विमानात बसू नका.

पहिले पंधरा दिवस

शरीर उष्णतेला सरावतं, हे खरं आहे. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटायला लागतो, त्यातून जाणारं मीठ कमी होतं, हृदयावरचा ताण उतरतो. पण याला एक ते दोन आठवडे लागतात, आणि तेही रोज थोडं थोडं ऊन अंगावर घेतलं तरच. उन्हाने दगावणाऱ्या कामगारांमध्ये कामाच्या पहिल्या काही दिवसांतल्या नवख्यांचं प्रमाण फार मोठं असतं. हे जगभर दिसून आलं आहे. कामगार-आरोग्यातले जाणकार त्यासाठी एक साधा हिशेब सांगतात: नव्या माणसाने पहिल्या दिवशी उन्हातलं काम नेहमीच्या पाचव्या हिश्श्याएवढंच करावं आणि पुढे रोज तेवढंच वाढवत न्यावं.

प्रत्यक्षात होतं उलटं. नवीन पोरगा कर्ज काढून आलेला असतो. फोरमनच्या नजरेत भरावं म्हणून तो पहिल्याच दिवशी जुन्यांच्या बरोबरीने सळया उचलतो. चक्कर आली तर कुणाला सांगत नाही, कारण परत पाठवतील अशी भीती असते. मला या लेखात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते, ती ही: तिथे गप्प बसू नका. साइटवरची बोली बहुतेक ठिकाणी हिंदी-उर्दूच असते. ‘मैं नया हूँ, पहले हफ्ते सुबह का काम दो’ हे वाक्य स्पष्टपणे म्हणा. फोरमन ऐकेलच असं नाही. नाही ऐकलं तर एखाद्या जुन्या, आपल्या भागातल्या माणसाला सोबत धरा आणि दोघांनी एकमेकांवर लक्ष ठेवा. उष्माघात चढत असताना माणसाचं डोकं नीट चालत नाही. आपल्याला काय होतंय हे त्याचं त्याला कळत नाही, शेजारच्याला आधी कळतं.

सुट्टीचंही असंच आहे. वर्षा-दोन वर्षांनी दोन महिने वसईला येऊन गेलं की कमावलेला सराव जवळजवळ सगळा जातो. घरच्या लग्नासाठी मे महिन्यात येऊन जुलैत परतणारा जुना माणूसही तिथे उतरताना नवखाच असतो. आणि तो जास्त बेसावध असतो, कारण त्याला वाटतं आपल्याला सगळं माहीत आहे. नाताळला येऊन जानेवारीत परतणं त्या मानाने कितीतरी बरं. जुलैतच परतायची वेळ आली तर पहिला आठवडा पुन्हा नवख्यासारखा काढा.

पाण्याचं गणित असं ठेवा. उन्हात काम चालू असताना दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, तहान लागो न लागो. पण तासाला दीड लिटरच्या वर नको. नुसतं पाणी प्रमाणाबाहेर प्यायल्याने रक्तातलं मीठ उतरतं आणि तेही जिवावर बेततं. पाण्याबरोबर मीठ आणि जेवण हवंच. जलसंजीवनीची पाकिटं जवळ असू द्या. ती नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा घाला, चमचा चहाचाच. आखातात ‘लबन’ म्हणून जे दुकानोदुकानी मिळतं ते आपलं ताकच. चिमूटभर मीठ घालून दुपारी प्यावं. आगाशीकडची सुकेळी मिळाली तर बॅगेत जरूर टाका. ती टिकतात आणि साइटवर मधल्या वेळेला खायला चांगली. एनर्जी ड्रिंकचे डबे मात्र पाण्याच्या जागी धरू नका. आपण पुरेसं पाणी पितोय का, हे लघवीच्या रंगावरून ओळखा: फिकट पिवळी ठीक, गडद, चहासारखी झाली तर पाणी कमी पडतंय. संडास लांब आहे म्हणून कमी पाणी पिणारे बरेच असतात, त्यात ड्रायव्हर आणि सफाईचं काम करणाऱ्या बायका जास्त. मूतखडा आणि लघवीची जळजळ तिथूनच सुरू होते.

मूत्रपिंडाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही. आखातातून परतलेल्या तरुण कामगारांची मूत्रपिंडं निकामी झाल्याची प्रकरणं नेपाळमधल्या डॉक्टरांनी मोठ्या प्रमाणावर पाहिली आहेत. वर्षानुवर्षं उन्हात, कमी पाण्यावर जड काम हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं. त्यात भर पडते ती अंगदुखीच्या गोळ्यांची. दिवसभर राबून आल्यावर आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घ्यायची सवय कामगारांच्या कॅम्पात सर्रास असते. पाणी आटलेल्या शरीरावर या गोळ्यांचा मूत्रपिंडाला जास्त त्रास होतो. रोज घेऊ नका. सुट्टीत घरी आलात की रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवी तपासून घ्या, रक्तदाब मोजा. मधुमेह किंवा रक्तदाब असेल, लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू असतील, तर उन्हातलं काम घ्यायच्या आधीच डॉक्टरांशी बोला.

आता खरा धोका ओळखायचा कसा? पोटऱ्यांत गोळे येणं, डोकं ठणकणं, मळमळ, चक्कर, गार चिकट कातडी: इथे काम थांबवायचं, सावलीत बसायचं, मीठ-साखरेचं पाणी प्यायचं. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, चिडचिड करू लागला, झटका आला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात. घाम येत असला तरीही उष्माघातच समजा. त्या क्षणी अँब्युलन्सची वाट बघत हात बांधून उभं राहू नका. एकाने फोन करायचा, बाकीच्यांनी अंग थंड करायला लागायचं. कपडे काढा, अंगभर पाणी ओता, पंखा लावा किंवा पुठ्ठ्याने वारा घाला, काखेत, मानेला, जांघेत बर्फ ठेवा. टाकी किंवा टब जवळ असेल तर डोकं वर धरून गळ्यापर्यंत गार पाण्यात बसवा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही. पहिला अर्धा तास सगळ्यात महत्त्वाचा. अँब्युलन्सचे नंबर फोनमध्ये आधीच घालून ठेवा: अमिरातीत ९९८, सौदीत ९९७, कतार आणि बहारीनमध्ये ९९९, कुवेतमध्ये ११२, ओमानमध्ये ९९९९.

दुपारची सुट्टी हा तुमचा हक्क आहे

आखाती देशांत उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम करून घ्यायला कायद्याने बंदी आहे. अनेक नव्या कामगारांना हे माहीतच नसतं. सौदीत १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी १२ ते ३. अमिरातीत त्याच तारखा, साडेबारा ते ३. ओमानमध्ये जून ते ऑगस्ट, साडेबारा ते साडेतीन. कुवेतमध्ये जून ते ऑगस्ट, सकाळी ११ ते दुपारी ४. कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी १० ते दुपारी साडेतीन. शिवाय कतारमध्ये २०२१ पासून ऊन, दमटपणा आणि वारा मिळून काढलेला उष्णतेचा निर्देशांक ३२.१ अंशांच्या वर गेला की वेळ कोणतीही असो, काम थांबवावं लागतं. काही कामांना यातून सूट असते, तिथेही पाणी आणि सावली देणं मालकाला चुकत नाही. या वेळा फोनवर लिहून ठेवा. मोडल्या गेल्या तर तारीख, वेळ आणि जागा नोंदवा. तक्रार त्या देशाच्या कामगार खात्याकडे करता येते, आपल्या वकिलातीतूनही करता येते.

कपड्यांबद्दल: सैल, पूर्ण बाह्यांचा, फिकट रंगाचा सुती शर्ट. गरम होतं म्हणून बनियनवर काम करणं चुकीचं आहे. उघडी कातडी ऊन जास्त खाते आणि पाणी लवकर उडतं. हेल्मेटखाली मानेवर येईल असं ओलं फडकं, डोळ्यांना बंद बाजूंचा चष्मा, लोखंडाला हात लावताना हातमोजे.

वाळवंटात थंडीही असते, हे आपल्या लक्षात येत नाही. कुवेत, रियाध, तबुक इथे जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली जातो आणि रात्रपाळीचा वसईकर एका शर्टावर कुडकुडतो. एक चांगलं स्वेटर आणि कानटोपी घेऊन जा. बंद खोलीत किंवा तंबूत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि माणसं झोपेतच जातात.

उन्हाळ्यात उत्तरेकडून ‘शमाल’ वारा सुटतो आणि धूळ उठते. दमेकऱ्यांनी आपला पंप खोलीवरच्या पिशवीत नव्हे, साइटवर खिशात ठेवायचा. गाडी चालवत असाल आणि समोरचं दिसेनासं झालं तर रस्त्यापासून पूर्ण बाजूला या आणि दिवे विझवा, नाहीतर मागचा माणूस तुमच्या दिव्यांच्या मागे येऊन धडकतो. आणि पाऊस. १६ एप्रिल २०२४ ला अल ऐन भागात चोवीस तासांत २५४.८ मिलिमीटर पाऊस पडला आणि दुबईचे रस्ते, विमानतळ पाण्याखाली गेले. एवढा पाऊस वसईने अनेकदा पाहिलाय, म्हणून आपल्याला त्याची भीती वाटत नाही. पण वाळवंटातली कोरडी नदी, जिला तिथे वादी म्हणतात, डोंगरात पडलेल्या पावसाने काही मिनिटांत भरून वाहू लागते. डोक्यावर आभाळ निरभ्र असतानाही. वाहत्या वादीत गाडी घालू नका. ओमानमध्ये तर तो शिक्षेस पात्र गुन्हा आहे.

कॅम्प, जेवण, बॅग

१२ जून २०२४ रोजी पहाटे कुवेतच्या मंगफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागली. पन्नासच्या आसपास माणसं गेली, त्यांत किमान ४५ भारतीय होते. बहुतेकांचा जीव धुराने गेला. तुम्ही कॅम्पात पोहोचलात की पहिल्याच रात्री बाहेर पडायच्या दोन वाटा चालून बघा, गच्चीचं दार उघडं असतं का ते पाहा. एका प्लगला चार चार्जर आणि वर शेगडी असलं काही खोलीत होऊ देऊ नका. सगळ्यांनी मिळून सुपरवायझरला सांगितलं तर ऐकलं जातं.

झोपेला जपा. पहाटे चारला बस असेल तर रात्री बारापर्यंत मोबाइल बघणाऱ्याचं दुसऱ्या दिवशी उन्हात हमखास बिघडतं. एसीतून थेट उन्हात आणि उन्हातून थेट एसीत असं दिवसातून दहादा करू नका, मधे पाच मिनिटं सावलीत थांबा.

बॅग भरताना एक गोष्ट आई-मावश्यांनी नीट वाचावी. खसखस आखातात बंदी असलेल्या पदार्थांत येते, कारण ती अफूच्या झाडाची बी. अमिरातीत आणि सौदीत खसखस सापडल्यामुळे भारतीयांवर तुरुंगात जाण्याची वेळ आलेली आहे. अनारसे, डिंकाचे लाडू, गोडा मसाला यांत ती असते. आपल्या ख्रिस्ती घरांतल्या बाटली मसाल्यातही घालतात. पोरासाठी मसाला कुटायचा तर खसखशीशिवाय कुटा. कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल आणि झोपेच्या गोळ्यांवरही कडक निर्बंध आहेत. नेहमीची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट न्या. शेजाऱ्याने ‘माझ्या भावाला दे’ म्हणून दिलेली बांधलेली पुडी घेऊ नका, कितीही जवळचा असो.

धर्माच्या बाबतीत देशोदेशी फरक आहे. दुबई, कुवेत, दोहा, बहारीन इथे चर्च आहेत. सौदीत मात्र बिगरमुस्लिमांना सार्वजनिक उपासनेची मुभा नाही, प्रार्थना घरात करावी लागते. हे आधी माहीत असलं की तिथे गेल्यावर धक्का बसत नाही.

निघण्यापूर्वीचे कागद

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असतं. अशांना आखातासह १८ देशांत नोकरीला जाताना प्रवासी संरक्षकांची, म्हणजे प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची मंजुरी लागते. त्यांचं कार्यालय मुंबईत आहे. ही अडचण नाही, हे तुमचं कवच आहे, कारण त्यात करार तपासला जातो. एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का, हे ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर कुणालाही बघता येतं. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो. लाख-दीड लाख मागणारा कायदा मोडतो आहे. पैसे बँकेतून द्या आणि पावती घ्या. ‘आता व्हिजिटवर जा, तिकडे बदलून देऊ’ किंवा ‘आझाद व्हिसा आहे, कुठेही काम कर’ असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. ज्याच्या नावावर व्हिसा त्याच्याकडे काम नसलेला माणूस तिथल्या कायद्याने गुन्हेगार ठरतो, आणि उष्माघात झाला तरी पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात जात नाही.

प्रवासी भारतीय विमा योजनेत दोन वर्षांना २७५ आणि तीन वर्षांना ३७५ रुपये अधिक कर एवढ्या हप्त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाखांचं संरक्षण मिळतं. ईसीआरवाल्यांना ती घ्यावीच लागते, बाकीच्यांनीही घ्यावी. पासपोर्ट, व्हिसा, करार आणि पुढे मिळणारा इकामा (तिथला राहण्याचा परवाना) किंवा सिव्हिल आयडी, या सगळ्यांचे फोटो घरच्या मोबाइलवर राहू द्या. १९९० साली इराकने कुवेत गिळलं तेव्हा लाखाहून जास्त भारतीयांना अम्मानमार्गे आणावं लागलं, एअर इंडियाच्या ४८८ फेऱ्या झाल्या. अशा वेळी आपली ओळख सिद्ध करता येणं हीच पहिली गरज असते. तिथे पोहोचल्यावर वकिलातीत नाव नोंदवा. अमिरातीत प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा मोफत नंबर ८०० ४६३४२ आहे, तिथे वकिलाचा सल्लाही मिळतो. इतर देशांतून आणि भारतातून परराष्ट्र खात्याच्या ‘मदद’ संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते, आणि ती घरचा माणूसही नोंदवू शकतो.

घरच्यांनी फोनची वेळ ठरवून घ्यावी. दुबई-मस्कत आपल्या दीड तास मागे, रियाध-कुवेत-दोहा अडीच तास मागे. अमिरातीत व्हॉट्सॲपवरून कॉल लागत नाही, त्यासाठी तिथलं मान्य ॲप आधीच घेऊन ठेवा. फोनवर फक्त ‘पैसे कधी पाठवतोस’ आणि ‘जेवलास का’ विचारू नका. काम कुठे होतं, दुपारी थांबवलं का, चक्कर आली होती का, लघवीला जळजळ आहे का, हेही विचारा. तो ‘सगळं ठीक आहे’ म्हणत राहील. आवाज थकलेला वाटला, दोन दिवस फोन आला नाही किंवा पासपोर्ट मालकाने काढून घेतलाय असं कळलं, तर ‘कळवलं तर त्याची नोकरी जाईल’ या धाकाने वाट पाहू नका. कराराचा फोटो, कॅम्पचा पत्ता आणि सोबतच्या एका माणसाचा नंबर हाताशी घेऊन त्याच दिवशी ‘मदद’वर तक्रार टाका.